आधी खूण, मग आठवण: जॅझचा आवडता अल्बम चार माणसांत कसा ऐकवावा

ड्रमवादक आर्ट ब्लेकी आणि त्याचा ताफा जॅझ मेसेंजर्स यांचा 'मोनिन' हा अल्बम मिळवा आणि त्यातली पहिलीच रचना लावा. पियानो एकटाच एक छोटी ओळ टाकतो, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन मिळून तिला दोन सुरांचं उत्तर देतात. पुन्हा ओळ, पुन्हा उत्तर. भजनात बुवा ओळ टाकतात आणि टाळकरी उचलतात, तसंच. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून ही रीत जॅझमध्ये आली. मग अदलाबदल होते: ट्रम्पेट-सॅक्सोफोन ओळ टाकतात आणि उत्तर पियानोकडून येतं. साधारण मिनिटभराने हे सगळं बाजूला होतं आणि ट्रम्पेट एकटा पुढे येतो. वाजवणाऱ्या ली मॉर्गनचं वय तेव्हा वीस वर्षं. त्या ट्रम्पेटवर कान ठेवा. माझी आठवण तिथे आहे, पण ती आत्ता सांगत नाही.

हा क्रम मी ठोकर खाऊन शिकले. आमच्या घरी काही वर्षांपासून महिन्यातून एकदा पाच-सहा जण जमतात. ज्याची पाळी असेल त्याने आपला एक अल्बम आणायचा, ऐकवायचा आणि तो आपल्याला का लागला ते सांगायचं. सुरुवातीच्या एका बैठकीत मी पियानोवादक बिल एव्हान्सचा 'वॉल्ट्झ फॉर डेबी' लावला. लावण्याआधी त्याची हकीकत सांगितली: २५ जून १९६१ या रविवारी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड नावाच्या तळघरातल्या क्लबात हे वाजलं, आणि डबल बेस वाजवणारा स्कॉट लाफारो त्यानंतर अकराच दिवसांनी मोटार अपघातात गेला, पंचविसाव्या वर्षी. त्याला जोडून माझंही एक दुःख सांगितलं. त्या संध्याकाळी खोलीत फक्त दुःख ऐकलं गेलं. ग्लासांची किणकिण, मागच्या टेबलांवरची कुजबूज, मध्येच कुणाचं हसणं, दुपारच्या उन्हातून खाली तळघरात आलेल्या माणसांचा तो निवांतपणा, यांतलं काहीच कुणाला ऐकू आलं नाही. माझ्या आठवणीने सगळ्यांच्या कानांत बोळे घातले होते. तेव्हापासून नियम केला: वाजवण्याआधी फक्त खूण सांगायची, कुठे लक्ष द्यायचं तेवढी. आठवण नंतर.

तुम्हाला अशी बैठक जमवायची असेल, किंवा एखाद्या मित्राला नुसता एक अल्बम ऐकवायचा असेल, तर मी कसं करते ते क्रमाने लिहिते. जॅझ कधी ऐकलं नसेल तरी चालेल.

अल्बम निवडणं

एकच निवडा. 'मोठ्या कलाकारांची निवडक गाणी' अशा संग्रहांच्या वाटेला जाऊ नका. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या लांब तबकड्या बाजारात आणल्या. त्याआधीच्या तबकडीवर एका बाजूला तीन-चार मिनिटं मावत. आता वीस-बावीस मिनिटं मावू लागली. वादकांना ऐसपैस वाजवता यायला लागलं आणि रचना कुठल्या क्रमाने याव्यात याचा विचार सुरू झाला. अल्बम म्हणजे हा क्रमसुद्धा. म्हणून ऐकवताना निदान एक अख्खी बाजू ऐकवायची.

सर्वश्रेष्ठ कोणता, या वादात पडू नका. ज्या अल्बमचे पहिले चार सूर वाजताच एखादी जागा, एखादं माणूस, एखादी वेळ डोळ्यांसमोर येते, तो तुमचा. ती आठवण लहानपणचीच हवी असं नाही. गेल्या पावसाळ्यातली चालेल.

जॅझची आठवणच नसेल तर ती आता तयार करावी लागेल. त्यासाठी मी नवख्यांच्या हाती हे ठेवते.

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' पहिला. १९५९ च्या २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत, न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरच्या, पूर्वी चर्च असलेल्या स्टुडिओत तो मुद्रित झाला. आलापीची सवय असलेल्या आपल्या कानांना तो लवकर आपलासा होतो असा माझा अनुभव आहे. भराभर बदलणाऱ्या कॉर्ड्सऐवजी, म्हणजे एकदम वाजवलेल्या सुरांच्या जुड्यांऐवजी, इथे एकाच स्वरसप्तकावर बराच वेळ थांबून वादक विस्तार करतात. घाई नाही. सहा माणसं वाजवताहेत आणि तरी खोलीत मोकळी जागा उरते.

लय आवडणाऱ्यांना पियानोवादक डेव्ह ब्रूबेकचा 'टाइम आउट', तोही १९५९ चाच. त्यातलं पॉल डेझमंडने बांधलेलं 'टेक फाइव्ह' पाच मात्रांत आहे. झपताल शिकलेला माणूस इथे चटकन टाळी द्यायला जातो आणि फसतो. झपतालाचे खंड दोन-तीन, दोन-तीन असे पडतात. इथे ते तीन-दोन आहेत. 'एक दोन तीन, एक दोन' असं मोजा आणि पियानोला धरून राहा. ड्रम्स कितीही दूर भटकले तरी पियानो ती पाच मात्रांची चौकट सोडत नाही. आपल्याकडे तबलजी मोकळा सुटतो तेव्हा लेहरा धरणारा हेच काम करतो. ब्रूबेक १९५८ च्या आशिया दौऱ्यात मुंबईलाही आला होता, आणि सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत बसून त्याने वाजवलं होतं. 'टाइम आउट'मधल्या दुसऱ्या एका रचनेतला नऊ मात्रांचा ठेका त्याला त्याच दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर वादकांकडून मिळाला.

घरातल्या मोठ्यांना शब्द हवे असतात. त्यांच्यासाठी एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँगचा १९५६ चा 'एला अँड लुई'. एक आवाज रेशमी, दुसरा खरखरीत, आणि दोघांनाही एकमेकांची माया आहे हे ऐकू येतं. याला काही समजावून सांगावं लागत नाही.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम' मात्र पहिल्या बैठकीत नको. तो नंतर सांगते.

आधी स्वतः तीनदा ऐका

दुसऱ्याला ऐकवण्याआधी आपण तो तीनदा नीट ऐकलेला हवा. कपडे घड्या करताना ऐकलेलं यात मोजू नका.

पहिल्यांदा फक्त डबल बेस ऐका. तो उभा, माणसापेक्षा उंच, बोटांनी छेडायचा. नवख्या कानाला तो ऐकूच येत नाही, कारण आपण वरची सुरावट शोधत असतो. पण जॅझमध्ये घर त्याच्या खांद्यावर उभं असतं. बेस हाती लागला की बाकीचं कधी हरवत नाही.

दुसऱ्यांदा फक्त झांज. ड्रमवादकाच्या उजव्या हाताखालची मोठी झांज सतत काहीतरी बोलत असते. तिसऱ्यांदा रचनेचा सांगाडा. हे जरा बसून करायचं काम आहे. 'काइंड ऑफ ब्लू'ची पहिली रचना 'सो व्हॉट' घ्या. सुरुवातीला अर्धा मिनिट पियानो आणि बेस लयीबाहेर काहीतरी पुटपुटतात. मग लय सुरू होते, बेस ओळ म्हणतो आणि बाकीचे तिला दोन ठोक उत्तरं देतात. आता चार मात्रांचा एक गट असं मोजायला लागा. सोळा गट झाले की सगळं अर्ध्या स्वराने वर चढतं, आठ गट तिथे राहतं, आणि शेवटच्या आठ गटांसाठी परत खाली येतं. असे बत्तीस गट झाले की एक फेरा पूर्ण. वादक याला 'कोरस' म्हणतात. पुढे जो जो एकटा वाजवतो तो याच फेऱ्यावरून पुन्हा पुन्हा जातो, मनात येईल ते वाजवतो, पण फेरा मोडत नाही. ज्याला आवर्तन आणि सम ठाऊक आहे त्याला जॅझचं हे अंग परकं वाटायचं कारण नाही. मध्यावरची ती चढण दोन-तीनदा पकडता आली की आत काय चाललं आहे ते आपोआप उलगडायला लागतं. कागदावर काड्या मारत मोजा, लाज वाटू देऊ नका. मी आजही मोजते.

दुसरा सांगाडा बारा गटांचा, ब्लूजचा. त्याच अल्बममधली दुसरी रचना तशी आहे. तिच्यात पियानोवर बाकीच्या रचनांतला बिल एव्हान्स नसून विंटन केली आहे. दोन रचना लागोपाठ ऐकल्या की पियानोवरचा माणूस बदलल्याचं कळतं, आणि ते कळण्याचा आनंद वेगळाच आहे.

खूण शोधणं

या अख्ख्या लेखात मला सगळ्यात जवळची गोष्ट ही आहे. अल्बम जसाच्या तसा कुणाच्या हवाली करता येत नाही. 'फार सुंदर आहे, ऐक' असं म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि विसरतो. त्याला एक जागा द्यावी लागते, दहा-पंधरा सेकंदांची, बोट ठेवून दाखवता येईल अशी.

खूण नेमकी हवी आणि भावनेविना सांगता यायला हवी. 'सो व्हॉट'साठी मी एवढंच सांगते: दीड मिनिटाच्या सुमारास बेसची ओळ संपते, माइल्स डेव्हिस वाजवायला लागतो, आणि त्याच क्षणी ड्रमवादक जिमी कॉब झांजेवर एक जोराचा आघात करतो. तो आघात विरत जाताना ऐका. तो नाद ट्रम्पेटच्या मागे कितीतरी वेळ लोंबकळत राहतो. हे कळायला संगीताची एक ओळ शिकलेली असावी लागत नाही. पण तेवढ्यासाठी कान उघडे राहतात, आणि उघड्या कानांत बाकीचंही शिरतं.

'वॉल्ट्झ फॉर डेबी'ची माझी खूण आता ग्लासांची किणकिण ही आहे. बिल एव्हान्सने ज्या पुतणीसाठी ही रचना केली त्या डेबीचं नावही आधी सांगत नाही.

एका अल्बमला एकच खूण. तीन सांगितल्या की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

बैठकीची तयारी

माणसं सहाच्या वर नकोत. फोनच्या स्पीकरवर जॅझ ऐकवू नका. त्यातून बेस पार नाहीसा होतो, आणि तो नाहीसा झाला की वर सांगितलेलं सगळं व्यर्थ. साधे दोन स्पीकर पुरतात. ते भिंतीला चिकटवू नका, कानांच्या उंचीवर ठेवा. आवाज बेस नीट ऐकू येईल इतका.

फोन किंवा संगणकावरून वाजवणार असाल तर दोन गोष्टी आधी तपासा. रचनांचा क्रम उलटसुलट करणारी सोय बंद हवी, आणि एक संपता संपता दुसरी त्यात मिसळणारीही. शिवाय नव्या आवृत्त्यांत मूळ अल्बम संपल्यावर न वापरलेले नमुने जोडलेले असतात. 'काइंड ऑफ ब्लू'त मुळात पाचच रचना आहेत. पाचवी संपली की बंद करा. तिच्यामागून तिचाच दुसरा नमुना सुरू झाला तर मघाचं सगळं पुसलं जातं.

तबकडी असेल तर कडेने धरा, मधल्या कागदाला आणि कडेला सोडून कुठेही बोट लावू नका, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने धूळ काढा. रेकॉर्ड उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते. पाऊस थांबला की एक दिवस त्यांना सावलीत वारा द्या, उन्हात नको, तबकडी वाकते. एक गंमत लक्षात ठेवा: 'काइंड ऑफ ब्लू'च्या पहिल्या बाजूचं ध्वनिमुद्रण करणारं यंत्र त्या दिवशी जरा हळू चाललं होतं, त्यामुळे जुन्या तबकड्यांवर ती बाजू किंचित चढ्या सुरात वाजते. १९९२ मध्ये ते दुरुस्त झालं. कुणी पेटी किंवा कीबोर्ड घेऊन सोबत वाजवायला बसलं आणि सूर जुळेना, तर दोष त्याच्या कानाचा नाही.

चहा आधी द्या. वाजत असताना कप-बशा नकोत आणि बोलणं तर नकोच. यावर मी कडक आहे. 'आता ऐक हां, आता येतंय' असं म्हणायचा मोह फार होतो. आवरा. वीस मिनिटं संपल्यावर लगेच तोंड उघडू नका, अर्धं मिनिट जाऊ द्या. पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना आधी बोलू द्या. त्यांनी काय ऐकलं ते विचारा, 'आवडलं का?' हा प्रश्न नको, त्याला 'हो'शिवाय उत्तर नसतं.

आठवण सांगणं

आता तुमची पाळी. आदल्या दिवशी दहा ओळी लिहून काढा. वाचून दाखवायच्या नाहीत, पण लिहिल्याने पसारा आवरतो. जागा कोणती, वेळ कोणती, कशावर वाजत होतं, कॅसेट की रेडिओ, कोण होतं सोबत, खिडकीबाहेर काय होतं. आमच्या बैठकीतल्या एकाच्या आठवणीत सगळा भर पंख्याच्या कुरकुरीवर होता, कारण त्या पंख्याची लय आणि रेडिओवरच्या गाण्याची लय एकदाच, एका दुपारी, जुळली होती. त्याची ती आठवण आम्ही कुणी विसरलेलो नाही.

आठवण त्या आवाजाला बांधलेली हवी. कुठल्याही दुसऱ्या गाण्याला ती तितकीच लागू पडत असेल तर अजून शोधा. आणि पाच मिनिटांत संपवा.

वादकांची नावं, सालं, स्टुडिओ हे सगळं शेवटी, कुणी विचारलं तर. एका कागदावर लिहून ठेवा आणि फिरवा. ऐकणाऱ्याने दुसऱ्याच्या आठवणीतली चूक काढायची नाही. १९६२ की ६३, हे त्या वेळी महत्त्वाचं नसतं.

स्वतःची आठवण सापडत नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा. मुंबईत १९७८ पासून जॅझ यात्रा हा महोत्सव भरायचा. पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स येऊन वाजवून गेला. धोबीतलावच्या रंगभवनात उघड्यावर ऐकलेल्या त्या रात्री सांगणारी माणसं अजून आपल्या आसपास आहेत. त्याच्याही आधी, ताजमहाल हॉटेलच्या बॉलरूममध्ये १९३५ च्या सुमाराला अमेरिकेतून आलेल्या कृष्णवर्णीय वादकांचे ताफे वाजवत, आणि त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी ही विद्या उचलली. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, त्यांतला एक. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१) तो आपल्या वादकांसह पडद्यावर दिसतो. आजीला 'अलबेला' आठवत असेल तर तिने जॅझचा ट्रम्पेट ऐकलेला आहे. तिला ते सांगा आणि तिची आठवण लिहून घ्या.

'अ लव्ह सुप्रीम' कधी

चार-पाच बैठका झाल्यावर. ९ डिसेंबर १९६४ ला एकाच दिवसात मुद्रित झालेली ही चार भागांची प्रार्थना आहे, तेहेतीस मिनिटांची, आणि ती तोडायची नाही. खूण पहिल्या भागातली: बेसवरचे चार सूर, जे पुढे माणसांच्या आवाजात शब्द होऊन येतात. चौथ्या भागासाठी एक काम करा. कोल्ट्रेनने लिहिलेली प्रार्थना अल्बमच्या कव्हरवर छापलेली आहे. ती प्रत्येकाच्या हातात द्या आणि ओळींवरून बोट फिरवत ऐका. तो सॅक्सोफोनवर तीच प्रार्थना अक्षराअक्षराने म्हणतो आहे. गायकी अंगाने वाजवणारा आपला वादक बंदिशीचे शब्द मनात धरून वाजवतो, त्याची इथे आठवण होते. कोल्ट्रेनला आपल्या संगीताची ओढ होती. १९६५ मध्ये झालेल्या मुलाचं नाव त्याने पंडित रविशंकरांवरून रवी ठेवलं.

दूरच्या माणसांसोबत

माझी बहीण न्यू जर्सीत राहते. आमची रीत साधी आहे: फोनवर 'तीन, दोन, एक' म्हणून दोघींनी आपापल्या घरी एकदम सुरू करायचं, फोन ठेवून द्यायचा आणि बाजू संपली की परत लावायचा. फोनमधून संगीत पाठवू नका, ते फाटतं. तिला मी 'मोनिन' ऐकवला तेव्हा तो तिच्या घरापासून अर्ध्या तासावर, हॅकेनसॅक गावात मुद्रित झाला असल्याचं नंतर सांगितलं. रूडी व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासून चष्मे देण्याचं काम करायचा आणि आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. म्हणजे ते उत्तर-प्रत्युत्तर मुळात एका घरातल्या बैठकीच्या खोलीतच वाजलं होतं.

वही

प्रत्येक बैठकीची नोंद ठेवा: तारीख, कुणाचा अल्बम, कुठली बाजू, खूण, आठवण. उठण्याआधी पुढची पाळी कुणाची ते ठरवा. माझ्या वहीतल्या पहिल्या पानावर 'मोनिन' आहे. खूण तुम्हाला सांगितली आहे. आठवणीच्या रकान्यात लिहिलेलं असं.

गिरगावात आमच्या चाळीच्या शेवटच्या खोलीत गोव्याचे अंकल राहायचे. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला ट्रम्पेट वाजवायचे. मी सात-आठ वर्षांची झाले तोवर त्यांचे पुढचे दात गेले होते, आणि दातांच्या आधाराशिवाय ट्रम्पेट ओठांवर टिकत नाही. वाद्य कपाटावर काळ्या पेटीत असायचं. रविवारी जेवणं झाली की आंटी भांडी घासायला घेत, अंकल ही रेकॉर्ड लावत आणि आरामखुर्चीत डोळे मिटून बसत. मी उंबऱ्यावर. ओळ, उत्तर, ओळ, उत्तर, आणि मग ट्रम्पेट सुटला की त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं लेंग्यावर, मांडीवर, हलायला लागत. मला वाटायचं ते ठेका धरतात. पण ती ठेक्यावर पडत नव्हती. कधी पहिलं, कधी पहिलं-तिसरं, कधी तिन्ही एकदम, कधी एकही नाही. पुढे कॉलेजात एका मित्राचा ट्रम्पेट हातात घेतला तेव्हा पाहिलं, त्याला बटणं तीनच असतात.